पोळा पाळणारा टिप्पर

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पोळ्याचा दिवस होता. ठाण्यातली हजेरी आटोपून मी गावोगावचा बंदोबस्त वाटत होतो. बाहेरच्या माणसाला याची गंमत वाटते. बैलांना कसला आलाय बंदोबस्त? पण मानाचा बैल कुणाचा आणि मारुतीपुढं आधी कोण जाणार, यावरून दरवर्षी एखाद्या गावात तरी काठ्या निघतात, आणि बैल बिचारे झुली पांघरून माणसांचा तमाशा बघत उभे राहतात. गेल्या खेपेला जिथं डोकी फुटली तिथं दोन माणसं जादा, एवढंच माझं धोरण. ते ठरवत असतानाच वारंगा फाट्याकडून फोन आला. फाट्यावरून आत गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका बाईला टिप्परनं उडवलं होतं आणि टिप्पर पळाला होता.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. या हकिकतीत कुणाचंच नाव लिहिणार नाही. काही माणसं अजून त्याच गावांत राहतात आणि एकमेकांच्या दारावरून ये-जा करतात.

ती बाई गावची आशा कार्यकर्ती होती. आदल्या रात्री गावातल्या एका बाळंतिणीला घेऊन ती आरोग्य केंद्रात गेली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे बघून ती उजाडताना फाट्यावर उतरली आणि सणाचा स्वयंपाक उरकायचा म्हणून पायीच गावाकडं निघाली. नदीकडून आलेल्या टिप्परनं वळणावर तिला बाजूच्या नालीत फेकलं. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तिचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागणार, हे डॉक्टरांनी घरच्यांना सांगून टाकलं होतं. तिलाही ते कळलं होतं. रुग्ण शुद्धीवर असून जबाब देऊ शकतो, असं डॉक्टरांकडून लिहून घेतलं आणि मी खुर्ची ओढून बसलो.

"ताई, गाडी कुणाची होती सांगता येईल का?"

तिनं मालकाचं नाव सांगितलं. मालक शिरड शहापूरच्या बाजूचा, बरीच शेती आणि दोन टिप्पर असलेला, तालुक्यात वजन असलेला माणूस होता.

"कशावरून म्हणता?"

"रोज आमच्या गावातून जातंय साहेब ते. मागचा फाळका तुटेल हाय, तारेनं बांधेल हाय. मी नालीत पडले तव्हा तो फाळका माझ्या डोळ्यांपुढून खडखडत गेला. चांगलं दिसत व्हतं, उजाडलं व्हतं."

जबाब लिहून घेताना पोलिसाचं लक्ष शब्दांपेक्षा डोळ्यांकडं जास्त असतं. खोटं सांगणारा माणूस मधेमधे तुमच्याकडं बघून अंदाज घेतो. ही बाई छताकडं बघून बोलत होती. तिला मला काही पटवायचं नव्हतं, फक्त झालेलं सांगून मोकळं व्हायचं होतं.

गुन्हा दाखल झाला. घटनास्थळाचा पंचनामा करताना वळणावर ओली वाळू सांडलेली सापडली. पावसाळ्यात नदीतून वाळू काढायला बंदी असते, त्यामुळं टिप्परनं थांबायच्या ऐवजी पळ का काढला, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी टिप्पर मालकाच्या आखाड्यावर उभा सापडला. आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातला गोठा आणि राहण्याची जागा. टिप्पर धुतलेला होता आणि फाळका कोरा, नवीन होता. मालक म्हणाला, तो महिन्यामागंच बदललाय.

मग त्यानं चहा मागवला आणि आपलं खरं हत्यार बाहेर काढलं.

इथं थोडं मागं जायला हवं. वाळूचोरीला आळा घालायला शासनानं नियम केला होता. गौण खनिजाची वाहतूक करणाऱ्या प्रत्येक गाडीला शासनमान्य जीपीएस यंत्र बसवायचं. यंत्र नाही, तर परवाना नाही. नियम आला तेव्हा एका सभागृहात आमची सगळ्यांची बैठक झाली. महसूलवाले होते, परिवहनवाले होते, आम्ही होतो. कंपनीच्या माणसानं पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा दाखवला. त्यावर गाड्यांचे ठिपके फिरत होते. यंत्र नीट चालू असेल तर ठिपका हिरवा. यंत्र बंद पडलं, किंवा गाडी फार दिवस जागची हललीच नाही, तर तो लाल होणार आणि गाडीची तपासणी होईपर्यंत परवाना थांबणार. आता चोर बसल्या जागी दिसणार, असं एक साहेब म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नदीकाठी रात्र-रात्र दबा धरून बसलेल्या माणसाला हे यंत्र म्हणजे देवाची कृपा वाटलं तर नवल नव्हतं.

मालकानं त्याच यंत्राची नोंद माझ्यापुढं ठेवली. अगदी रीतसर, प्रमाणपत्रासह. पोळ्याच्या दिवशी त्याचा टिप्पर पहाटेपासून आखाड्यावरच उभा होता. फाट्यापासून कितीतरी कोस लांब.

"साहेब, यंत्र आमचं न्हाई, शासनाचं आहे," तो शांतपणे म्हणाला. "शासनाच्याच यंत्रावर शासनाच्या पोलिसाचा भरवसा नसंल, तर आम्ही कुणाकडं बघायचं?"

मी टिप्परवरचं यंत्र बघितलं. जागेवर होतं, चालू होतं. परिवहन खात्याच्या निरीक्षकानंही तसा अहवाल दिला. गाडी चालवणारा मालकाचा भाचा होता. आपण त्या दिवशी बैल धुवायला ओढ्यावर होतो, असं तो म्हणाला, आणि तसं सांगणारी चार माणसंही उभी राहिली.

आता उलटी चक्रं फिरू लागली. या आशाताईनं पूर्वी ग्रामसभेत वाळूच्या गाड्यांविरुद्ध तक्रार केली होती. लेकरं शाळेत जातात, गाड्या सुसाट येतात, असं ती उभी राहून बोलली होती. मालकानं वरपर्यंत अर्ज दिला, की ही बाई जुना राग मनात धरून खोटं नाव घेते आहे, आपली बदनामी करते आहे, अशा बाईला सरकारी कामावर ठेवू नये. गावातही कुजबुज सुरू झाली. पाय गेला हे खरं, पण कुणाच्या तरी गळ्यात मारायला बघतेय, असं लोक बोलू लागले. आमच्या वरिष्ठांचं मत सरळ होतं. कोर्टात यंत्राची नोंद टिकते, एका जखमी बाईची नजर टिकत नाही. अनोळखी वाहनाविरुद्ध तपास चालू ठेवा, म्हणाले. पोलीस खात्यात 'अनोळखी वाहन' म्हणजे फाईल बासनात, हे जाणत्याला ठाऊक आहे.

मी पुरवणी जबाबासाठी पुन्हा दवाखान्यात गेलो. पाय काढला होता. तिचा नवरा उशाशी उभा होता. माणूस साधा, मजुरी करणारा, बायकोची सेवा करून थकलेला. मी यंत्राचं सांगितलं तसा तो तिला म्हणाला, "आगं, तुला घाईगडबडीत बराबर दिसलं नसंल. ते सरकारी मशीन हाय. ते काहून खोटं सांगंल?"

तिनं तोंड भिंतीकडं केलं. मी तऱ्हेतऱ्हेची माणसं रडताना पाहिली आहेत, पण न रडणारी माणसं मला जास्त जड जातात. पाय गेल्याचं दुःख तिनं सोसलं होतं. आपला शब्द घरातल्या माणसालाही खरा वाटत नाही, हे तिला सोसवत नव्हतं. त्या दिवशी बाहेर पडताना मला राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं.

खबर आली ती फाट्यावरूनच. माझे एक जमादार सणानंतर फाट्यावरच्या हॉटेलात चहा पीत बसले होते. खाकी अंगात नव्हती, त्यामुळं शेजारच्या बाकावरचे दोन चालक मोकळेपणानं बोलत होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "आपलं यंत्र तर घरी काम करून राहिलं, आन् आपण इकडं." दुसरा हसला. जमादारांनी बिस्किट चहात बुडवलं आणि कान तिकडंच ठेवले, पण पुढं बोलणं पिकांवर गेलं. जमादार येऊन मला म्हणाले, "साहेब, यंत्र घरी ठेवता येत असंल, तर मग लाल का होत न्हाई?"

तोच प्रश्न मीही धरला. यंत्र काढून कोनाड्यात ठेवलं असतं तर ठिपका हलला नसता, लाल झाला असता. म्हणजे यंत्र फिरत होतं. मग ते कशावर फिरत होतं?

पत्र देऊन आम्ही दोघं नियंत्रण कक्षात गेलो. तिथल्या ऑपरेटर बाई कामाला चोख होत्या. आतापर्यंत सगळ्यांनी फक्त पोळ्याच्या दिवसाची नोंद मागितली होती. मी मागचा सगळा महिना मागितला. त्यांनी पडद्यावर त्या गाडीचा मार्ग काढला. गावातून आखाडा, आखाड्यातून गाव. कधी मधल्या शिवारात एखादा फाटा. रोज तेच.

"परवान्यावरची खडी कुठं नेते ही गाडी?" मी विचारलं. "क्रशर तर उलट्या बाजूला आहे."

"ते आम्ही बघत नाही सर. ठरलेल्या हद्दीच्या बाहेर गेली तर इशारा येतो. ही कधीच बाहेर गेलेली नाही. या गाडीचं रेकॉर्ड एकदम चांगलं आहे."

"वेग दिसतो का?"

"दिसतो ना. मर्यादेपेक्षा जास्त झाला तरच आम्ही नोंद घेतो." त्यांनी एक बटण दाबलं. "ही तर फारच सावकाश चालते. चार, पाच. रस्ता खराब असेल तिकडचा."

मी खुर्ची पुढं ओढली. माझं लहानपण कनेरगाव नाक्याच्या बाजूला शेतात गेलं. चार-पाचच्या वेगानं रोज सकाळी आखाड्यावर जाऊन दिवेलागणीला परत येणारं वाहन मी चांगलं ओळखतो. त्याच्यावर बसून मी शाळेत गेलेलो आहे. तरी मन म्हणत होतं, नुसत्या वेगावर कोर्ट काय म्हणेल? रस्ता खराब आहे म्हणेल. मी त्या बाईंना एकेक दिवस उघडायला सांगितला. पहिल्या आठवड्यात सोमवारी ठिपका हलला नव्हता. मी म्हटलं, असेल सुट्टी. दुसऱ्या आठवड्यातही सोमवार रिकामा. तिसऱ्याही.

औंढ्याच्या नागनाथाचा मान असेल, पण आमच्या भागात पुष्कळ गावांत सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. महादेवाच्या नंदीचा वार. काही झालं तरी औत नाही, गाडी नाही.

मग पोळ्याचा आदला दिवस उघडला. ठिपका सकाळी गावातून निघून आखाड्यावर पोहोचला, आणि दुपारपासून जागच्या जागी थांबला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. दुपारीच बैलांना सोडतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून शेकतात, आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण देतात. त्या घटकेपासून सण संपेपर्यंत बैल कुणी जुंपत नाही.

मी जमादारांकडं बघितलं. तेही शेतकऱ्याच्या घरचे. त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

"जमादार," मी म्हटलं, "टिप्परला कशाचा पोळा?"

ते इतके हसले की ऑपरेटर बाई घाबरल्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "सर, आम्हाला हिरवा-लाल बघायला सांगितलंय." आणि हे खरंच होतं. त्यांची काहीही चूक नव्हती. त्यांना जे बघायला सांगितलं होतं ते त्या डोळ्यांत तेल घालून बघत होत्या.

पण एवढ्यानं भागणार नव्हतं. बैलगाडी हा आमचा तर्क होता. टिप्पर त्या वेळी दुसरीकडं होता हे दाखवणारं काही हवं होतं. जमादारांनी हमरस्त्यावरचे डिझेल पंप पालथे घातले. एका पंपाच्या कॅमेऱ्यात पोळ्याआधीच्या सोमवारचा टिप्पर सापडला. नंबर स्पष्ट होता. त्या क्षणी नोंदीप्रमाणं तो गावातच विश्रांती घेत होता. आणि टिप्पर पंपातून बाहेर वळला तेव्हा त्याचा मागचा फाळका दिसला. तुटलेला, तारेनं बांधलेला. आशाताईनं सांगितला होता तसा. मी ते चित्रण तिथंच उभं राहून पुन्हा पुन्हा बघितलं. पंपावरच्या माणसाला वाटलं असेल, साहेबांनी कधी टिप्पर बघितला नाही.

आता गाडीवानाला बोलावलं. मालकाचा सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला शेतगडी. वय झालेला माणूस. ठाण्यात आल्या-आल्या तो भिंतीला टेकून खालीच बसला. मी त्याला खुर्चीवर बसवलं. धाक घालून बोलता करायचे प्रसंग वेगळे. अशा माणसाला त्याच्या आवडीचं विचारावं, मग तो स्वतःच रस्ता दाखवतो.

"मामा, बैल कसे आहेत?"

"बरे हायेत साहेब. डाव्या अंगाचा जरा तापट हाय, पर कामाला वाघ."

"यंदा पोळा कसा झाला?"

"झ्याक झाला. शिंगं रंगवली, बेगड लावली."

"आदल्या दिवशी गाडी कधी सोडली होती?"

"दुपारीच. खांदेमळणीला कोण जुपतंय मग?" माझ्या अज्ञानाची त्याला कीव आली असावी. "मालक म्हणले, एक फेरी मारून ये गावात. म्या म्हणलं, मालक, तुमी म्हणता ते सगळं करतो, पर आज मानेवर जू न्हाई ठिवणार. वर्सातून एकदा त्यायचा सण. मालक गप बसले."

"आणि गाडीला ती पेटी लावली होती, ती कशाची?"

जमादारांनी लिहिणं थांबवून वर बघितलं. म्हातारा मात्र बिनघोर होता.

"ती व्हय? ती सरकारी हाय. फवारणीच्या पंपाची बॅटरी लावेल हाय तिला. मालक म्हणले, सरकार बैलं मोजून राहिलं. जे बैल रोज काम करतेत त्याची नोंद व्हते, मग त्यायला इमा मिळतो. म्या तर पावसात वरून गोणपाट टाकायचो. भिजायला नको मनून."

"आता कुठं आहे ती?"

"पोळ्याच्या दिवशी दुपारी भाचेसाहेब आले आन् काढून न्हेली. म्या इचारलं, काहून? तर म्हणले, नोंद झाली." मग त्यानंच विचारलं, "इमा नामंजूर झाला का साहेब?"

मला त्याच्याकडं बघवेना. बैल रोज काम करतात हे सरकारला कळावं म्हणून हा माणूस त्या पेटीवर गोणपाट टाकत होता. त्याच पेटीच्या जोरावर एका बाईला खोटं ठरवलं जात होतं, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याचा जबाब आम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला. बैलगाडीच्या साट्याखाली, म्हणजे लाकडी चौकटीखाली, बोल्टची भोकं आणि वायरचा तुकडा मिळाला, त्याचा पंचनामा केला.

मालकाला पुन्हा बोलावलं तेव्हा तो आधीसारखाच इस्त्रीच्या कपड्यांत आला. मी काही विचारलं नाही. पडद्यावर फक्त सोमवार दाखवले, एकामागून एक. मग खांदेमळणीची दुपार, मग पंपावरचा टिप्पर. त्याला बैलांची रीत मी समजावून सांगायची गरज नव्हती. तोही त्याच मातीतला.

त्यानं पडदा शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाला, "साहेब, मी एकटाच करतो का हे?"

"त्या सकाळी गाडी एकाचीच होती."

"यंत्र बसवा म्हणले, बसवलं. हिरवं ठेवा म्हणले, ठेवलं. सरकारनं जे सांगितलं ते केलं की."

मला त्याचा राग आला आणि थोडं हसूही आलं. कारण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. आम्ही नियम असा केला होता की तो पाळण्यापेक्षा पाळल्यासारखं दाखवणं सोपं होतं. पण नालीत पडलेल्या बाईला सोडून पळणं आणि वर तिलाच खोटं ठरवणं, हे कोणत्या परिपत्रकानं सांगितलं होतं? तसं मी विचारलं. दुसऱ्या दिवशी भाचा स्वतः ठाण्यात हजर झाला. बाई ओरडल्याचं त्यानं ऐकलं होतं. थांबायला पाहिजे होतं, म्हणाला. मामांना फोन केला तर ते म्हणाले, आधी गाडी आण.

दोषारोपपत्र गेलं. अपघाताबरोबर खोटा पुरावा उभा केल्याची कलमंही लागली. नंतर यथावकाश निकाल लागला आणि शिक्षा झाली. आशाताईविरुद्धचा अर्ज फेटाळला गेला आणि ती कामावर परत गेली. सालगड्याला मालकानं त्या वर्षी ठेवलं नाही. पण ज्या माणसाच्या हातचे बैल असे तजेलदार दिसतात त्याला काम मिळायला वेळ लागत नाही. शेजारच्या गावानं त्याला उचललं.

महसूल खात्यानं नियमही सुधारले. यंत्राला सील आलं, काढलं तर इशारा येऊ लागला, फार कमी वेगाचीही दखल घेतली जाऊ लागली. मी निवृत्त होईपर्यंत त्यातूनही पळवाटा निघाल्याचं कानावर आलं आणि त्या बुजवणारी परिपत्रकंही निघाली. याचं मला वैषम्य वाटत नाही. नवीन यंत्र आलं की नवीन नियम लागतो, नियम आला की त्याला बगल देणारा येतो, त्याच्या मागावर पोलीस जातो. हे चालायचंच. मी यंत्रांच्या विरुद्धही नाही. शेवटी त्याच यंत्राच्या नोंदीनं मालकाला पकडून दिलं. यंत्र एका अक्षरानंही खोटं बोललं नव्हतं. ते बैलगाडीवर होतं, त्यानं बैलगाडीची हकिकत सांगितली. आम्हीच तिला टिप्परची हकिकत समजत होतो. नियम करताना आपण यंत्राला काय दिसेल याचा विचार करतो. ते कुणाच्या हातात राहणार आणि पडद्यापुढं बसलेल्याला काय बघायला सांगायचं, याचा विचार मागं पडतो. नव्या उपनिरीक्षकांच्या प्रशिक्षणात मला बोलावतात तेव्हा मी हे सगळं सांगतो. ती मुलं ऐकून घेतात, बैलांच्या भागात हसतात.

पण या प्रकरणानं मला खरं जे दिलं, ते वर्गात बोलता येत नाही. मालकाला अटक झाली त्या संध्याकाळी मी स्वतः आशाताईच्या घरी गेलो होतो. एवढी चांगली बातमी शिपायाच्या हाती का पाठवावी, असं वाटलं. ती दारात बाजेवर बसली होती. नवरा आतून पाणी घेऊन आला. मी सगळं सविस्तर सांगितलं. वेग, सोमवार, खांदेमळणी, पंपावरचा तारेनं बांधलेला फाळका. नवऱ्याचा चेहरा पडला. तो तिच्याकडं बघून म्हणाला, "माझं चुकलं." तिनं त्याला हातानंच बसायला सांगितलं.

"ताई," मी म्हटलं, "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की तुम्ही खरं बोलताय. पण काय करणार? आमच्या हातात पुरावा नव्हता."

तिनं पदर नीट केला आणि उरलेल्या पायाकडं बघत शांतपणे म्हणाली, "पुरावा तर मीच व्हते की साहेब. तुमच्यासमोर पडून व्हते."

मी त्यांच्या घरचा चहा घेतला आणि निघालो.